दर्यावरील गस्त

ज्येष्ठाचे ढग आकाशात जमू लागले की कोकणच्या बंदरांत एक निराळीच शांतता पसरते. एरवी पहाटेपासून गजबजलेल्या धक्क्यावर लिलावाचा पुकारा ऐकू येत नाही. नौका वाळूवर ओढून शाकारलेल्या असतात, आणि घराघरांच्या ओट्यांवर फाटक्या जाळ्यांची डागडुजी चाललेली असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावाचून होडी पाण्यात लोटावयाची नाही, हा कोळी समाजाचा जुना रिवाज आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. तेव्हा जिवाची काळजी हे ह्या रिवाजाचे एक कारण. दुसरे कारणही तितकेच मोलाचे आहे. ह्याच दिवसांत पुष्कळ जातींचे मासे अंडी घालतात. ह्या काळात दर्याला विसावा मिळाला, तरच पुढच्या हंगामात जाळे भरून येते.

जुन्या रिवाजाला आज कायद्याची जोड मिळाली आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांनी मासेमारी करावयाची नाही, असा नियम आहे. वल्ह्यांनी किंवा शिडाने चालणाऱ्या लहान होड्यांना मात्र ही बंदी लागू नाही. परंतु नियम कागदावर लिहिला म्हणजे तो समुद्रावर पाळला जातो, असे नाही. शेताला कुंपण घालता येते, रस्त्यावर नाका उभारता येतो. अथांग पाण्यावर रेघ कशी ओढावयाची? ती अदृश्य रेघ राखण्याचे काम मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी करतात. गस्ती नौकेत बसून ते दिवसरात्र समुद्रावर फिरतात.

ह्या कामाची गरज कशी निर्माण झाली, हे पाहण्याजोगे आहे. पूर्वी मासेमारी शिडाच्या होड्यांनी होत असे. पुढे होड्यांना यंत्रे बसली, आणि समुद्राच्या तळावरून जाळे ओढीत नेणारे ट्रॉलर आले. त्यांची ओढ मोठी आणि जाळीही मोठी. असे ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासे धरू लागले, तेव्हा लहान होडीवाल्यांच्या आणि रापणकारांच्या वाट्याला काही उरेना. रापण हे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांबलचक जाळे होय. वाळूवर उभी राहून पुष्कळ माणसे त्याचे दोन्ही दोर ओढतात आणि मिळालेली मासळी वाटून घेतात. रिकामी रापण ओढून आणणे म्हणजे अनेक घरांच्या चुली थंड राहणे. ह्या प्रश्नावरून पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी तंटे झाले. अखेर 1981 साली ‘महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम’ संमत झाला, आणि 2021 साली त्यात सुधारणा करून दंडाच्या रकमा वाढविण्यात आल्या. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत, राज्याच्या ह्या कायद्याचा अंमल चालतो.

गस्तीवरील अधिकाऱ्याला प्रथम समुद्र वाचता यावा लागतो. भरती केव्हा, ओहोटी केव्हा, वारा कोठून वाहतो, कोणत्या ठिकाणी पाण्याखाली खडक आहेत, हे त्याला ठाऊक असावे लागते. आपली नौका नेमकी कोठे आहे हे उपग्रहांच्या आधारे चालणारे यंत्र अक्षांश-रेखांशांत दाखविते. त्याची नोंद तत्काळ करावी लागते. कारण दुसरी नौका मना केलेल्या भागात होती की त्याबाहेर होती, हाच पुढे वादाचा मुद्दा होतो. पाण्याची खोलीही पाहावी लागते. जुने दर्यावर्दी ती वावांत मोजतात. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट. यंत्र अंक दाखविते, परंतु त्या अंकांचा अर्थ अनुभवानेच कळतो.

दुसरी विद्या जाळ्यांची. जाळ्याच्या एका छिद्राला ‘आस’ म्हणतात. आस लहान असला की बारीक पिल्लेही जाळ्यात अडकतात. म्हणून अधिकारी आस ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधील अंतर मोजतो. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटी मासळी साठविणारी पिशवी असते, तिला खोला म्हणतात. जाळे ओढले जात असताना खोल्याचे तिरपे आस ताणामुळे मिटतात आणि पिल्लांची वाट बंद होते. चौकोनी आस मात्र ताणाखालीही उघडे राहतात व त्यांतून लहान मासे निसटून जातात. म्हणूनच शास्त्रज्ञ खोल्यासाठी चौकोनी आसाचा आग्रह धरतात.

तिसरी विद्या माशांची. धरलेल्या मासळीच्या ढिगातून जात ओळखणे, तिची लांबी मोजणे आणि ती वाढलेली आहे की कोवळी आहे हे ठरविणे, हे काम झटपट करावे लागते. 2023 साली महाराष्ट्राने 54 जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याच वर्षी रुपेरी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. हा पापलेट 135 मिलिमीटरांहून लहान असेल तर तो धरावयाचा नाही. ह्यामागील विचार साधा आहे. माशाला निदान एकदा अंडी घालू द्यावीत, मग त्याला धरावे. पिल्लू बाजारात कवडीमोलाने विकले जाते. तेच वाढले असते तर त्याचे वजनही वाढले असते आणि त्याचा वंशही चालला असता.

आता अशी एक रात्र डोळ्यांसमोर आणावी. अमावास्येचा काळोख आहे. गस्ती नौका मालवणच्या बाजूने हलकेच पुढे जात आहे. दूर क्षितिजावर पांढरा उजेड दिसतो. नौका अजून नजरेत नाही. परंतु तिच्या दिव्यांचा झोत आकाशात पसरला आहे. पाण्यावर प्रखर दिवे टाकले की मासळी उजेडाकडे धाव घेते. मग लहानमोठी, जातिवंत-फुटकळ, सारी एका घेरात सापडते. ही रीत इतकी घातक आहे की केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये तिला बंदी केली, आणि महाराष्ट्राच्या सुधारलेल्या कायद्यात तिच्यासाठी पाच लाखांपासून वीस लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

गस्ती नौका जवळ येताच उजेड मालवला जातो. लाटांवर हेलकावणाऱ्या एका नौकेवरून दुसरीवर पाऊल टाकणे हेच मुळी धोक्याचे. पाय चुकला तर माणूस दोन नौकांच्या मध्ये चिरडला जाईल. अधिकारी जीवरक्षक जाकीट घालून, लाटेचा अंदाज घेऊन पलीकडे जातो. तो प्रथम तांडेलाला आपली ओळख सांगतो. मग नौकेचा नोंदणी क्रमांक, मासेमारीचा परवाना आणि खलाशांची ओळखपत्रे तपासतो. 2008 साली मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी मासेमारी नौका बळकावूनच समुद्रमार्गे आले होते. तेव्हापासून खलाशांच्या ओळखीची तपासणी अधिकच महत्त्वाची ठरली आहे.

तांडेल विनवू लागतो. नौकेवर कर्ज आहे, डिझेल महाग झाले आहे, खलाशांना पगार द्यावयाचा आहे. ह्यातले बहुधा काहीच खोटे नसते. अधिकाऱ्याची खरी कसोटी येथे लागते. ह्या नौकेला सोडून दिले, तर उद्या पहाटे किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांचे दोर हलके येतील. आणि त्यांची विनवणी ऐकण्यास तर येथे कोणी उपस्थितच नाही. जो समोर बोलतो त्याचे दुःख दिसते. जो दूर आहे त्याचे दिसत नाही. न दिसणाऱ्याचाही विचार करणे, ह्याचेच नाव कर्तव्य.

परंतु कर्तव्य म्हणजे दांडगाई नव्हे. अधिकाऱ्याने अपशब्द वापरता कामा नये. दंड किती, हे त्याने समुद्रावरच मनास येईल तसे ठरवावयाचे नसते. तो स्थळ, वेळ, साधने आणि मासळी ह्यांचा पंचनामा करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि नौका बंदरात आणतो. मासळी नाशिवंत असल्यामुळे तिचा लिलाव करून रक्कम जमा करण्यात येते. नंतर सुनावणी होते. तेथे नौकामालकाला आपली बाजू मांडण्याची संधी मिळते, आणि निर्णय मान्य नसल्यास वरिष्ठांकडे दादही मागता येते. म्हणून पंचनाम्यातला प्रत्येक शब्द खरा असावा लागतो. एक चुकीचा आकडा अपराध्याला सोडवितो आणि निरपराध्याला अडकवितो.

गस्त केवळ पकडण्यासाठी नसते, वाचविण्यासाठीही असते. वादळाचा इशारा आला की नौकांना बंदराकडे फिरण्यास सांगितले जाते. यंत्र बंद पडून भरकटणाऱ्या नौकेला मदत मिळवून दिली जाते. जाळ्यात कधी कासव, तर कधी बहिरी मुशीसारखा भला मोठा प्राणी अडकतो. कायद्याने संरक्षण दिलेल्या अशा जीवाला सोडण्यासाठी जाळे कापावे लागते, आणि जाळे तर कोळ्याचे सर्वस्व. म्हणून महाराष्ट्रात डिसेंबर 2018 पासून अशा जाळ्याची भरपाई देण्याची योजना आहे. कोळ्याला तिची माहिती देणे, तो जीव सुटल्याची खातरी करणे, हेही खात्याच्या माणसांचे काम.

जानेवारी 2025 पासून ह्या कामी ड्रोनचीही मदत होऊ लागली आहे. किनाऱ्यावरून उडालेले हे छोटे विमान दूरवरच्या नौकांची चित्रे पाठविते. तथापि यंत्र केवळ पाहू शकते. आस मोजणे, माणसाशी बोलणे आणि न्यायाने वागणे ही कामे माणसालाच करावी लागतात.

पहाट होते. गस्ती नौका बंदराकडे वळते. किनाऱ्यावर रापणीचे दोर ताणले जात असतात, आणि वाळूवर टोपल्या घेऊन बाया वाट पाहत असतात. रात्री समुद्रावर काय घडले, हे त्यांना कळत नाही. जाळे वर येते, त्यात मासळी चमकते, आणि मुले आनंदाने ओरडतात. गस्तीवरून परतणाऱ्या माणसाच्या जागरणाचे चीज तेथेच झालेले असते.