अर्ध्या गुणासाठी काय पण!

१९८८, ग्रीसमधलं थेसालोनिकी. महिला बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये सोव्हिएत संघ उतरला की सुवर्ण त्यांचंच, हे १९५७ पासून ठरलेलं. दोनच वर्षांपूर्वी दुबईत ४५ वर्षांच्या नोना गाप्रिंदाश्विलीने १० पैकी १० डाव मारले होते. अशा संघाला टक्कर द्यायला हंगेरीने तीन सख्ख्या बहिणी उतरवल्या: सुसान, ज्युडिट आणि सोफिया पोल्गार. जोडीला इल्डिको माड्ल.

ज्युडिट अवघी १२ वर्षांची! दुसऱ्या पटावर १३ डाव, १२ विजय, एक बरोबरी. बल्गेरियाच्या पावलिना अंगेलोवाने तर १७ चालींतच शरणागती पत्करली. एरवी एवढ्या चालींत डाव नुकता रंगात येत असतो. अंतिम हिशेब पाहा: हंगेरी ३३, सोव्हिएत संघ ३२.५. या चिमुरडीने आणखी एक डाव बरोबरीत सोडला असता, तरी दोन्ही संघ एकाच पायरीवर आले असते. १९९०ला नोव्ही सादमध्ये ते खरंच घडलं. दोघांचे ३५-३५ गुण, आणि टायब्रेकवर पुन्हा हंगेरीच!

महिला ऑलिम्पियाडच्या विजेत्या संघाचा चषक व्हेरा मेन्चिकच्या नावाचा. ही १९२७ची पहिली महिला जगज्जेती. १९२९ला कार्ल्सबादच्या स्पर्धेत आल्बर्ट बेकरने टवाळी केली, 'जो हिच्याकडून हरेल तो मेन्चिक क्लबचा सभासद.' पहिला सभासद कोण? स्वतः बेकर! पुढे जगज्जेता मॅक्स युवेही त्यात दाखल झाला.

ऑलिम्पियाडमध्ये संघाच्या कप्तानाची घालमेल वेगळीच. 'बरोबरी घे' एवढं तो खेळाडूला सुचवू शकतो, पण पटावरच्या स्थितीबद्दल अवाक्षर काढायची सोय नाही. २०२४ला बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतीय मुलींचे कप्तान होते पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. पहिल्या सातही फेऱ्या जिंकल्या, आठव्या फेरीत पोलंडने दणका दिला. नवव्या फेरीत समोर अमेरिका, आणि आपली वैशाली हरली. तेव्हा वंतिका अग्रवालने इरिना क्रशला हरवून सामना २-२ असा राखला. माझ्या मते अख्ख्या स्पर्धेतला सर्वांत मोलाचा डाव हाच. भारताचे शेवटी १९ सामना-गुण झाले, कझाकस्तानचे १८. तो सामना गेला असता तर दोघेही १८ वर!

शिवाय चौथ्या पटाचं वैयक्तिक सुवर्ण वंतिकाला, आणि तिसऱ्या पटाचं आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखला: ११ डाव, ९.५ गुण, एकही हार नाही.