माडीतला कारागीर, बिअरमधला चोर

गव्हाची बिअर म्हटली की जाणकार तिच्यात लवंग आणि पिकलेलं केळं शोधतात. स्कॉटलंडमधल्या अलोआच्या विल्यम्स ब्रदर्सची ‘ग्रोझेट’ कोकणातल्या मिठबावच्या पडवीत पेल्यात ओतली, तेव्हा दोन्हींपैकी काहीच हाती लागलं नाही. पहिल्या घोटाला हिरवट आंबटपणा, मागून पाल्याची किंचित कडसर चव आणि शेवटी जीभ कोरडी. शेजारचे आबा म्हणाले, ‘‘ह्येच्यात आमसोल घातल्यानी काय?’’ आमसोल नव्हे, गूजबेरी. शिवाय पाणथळीत वाढणाऱ्या बॉग मर्टलचा पाला आणि मेडोस्वीट.

लवंग का नव्हती? ते काम यीस्टचं. गव्हा-बार्लीच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल चिकटून बसलेलं असतं. भरडलेला माल्ट ४५ अंश सेल्सियसच्या आसपास भिजत ठेवला की ते सुटं होतं. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरचं यीस्ट त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं. उरतं ४-व्हिनिलग्वायाकोल, लवंगेतल्या युजेनॉलचं सख्खं भावंड. बाकीच्या बहुतेक बिअर-यीस्टांनी माणसाळताना ही कला गमावली. २०१६ साली बेल्जियममधल्या संशोधकांच्या पुढाकाराने १५७ यीस्टांचे जीनोम वाचले गेले, तेव्हा नेमकी या कामाची जनुकं अनेकांत बिघडलेली निघाली. बिअरवाल्यांना तो वास नको होता. ज्यांत तो नाही अशीच यीस्टं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालवली. ग्रोझेटचं यीस्टही त्यातलंच असणार.

मिठबावच्या माडीला, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसाला, असं कुणी निवडलेलं यीस्ट लागत नाही. माडाची न उमललेली पोय बांधायची, हलक्या हाताने ठोकायची, टोकाची पातळ चकती रोज कापायची आणि खाली मडकं अडकवायचं. झिरपणाऱ्या रसात १२ ते १५ टक्के साखर, जवळजवळ सगळी सुक्रोज. बिअरसाठी दाण्याला मोड आणून, वाळवून, भिजवून स्टार्चची साखर करावी लागते. इथे ती झाडानेच करून दिलेली. मडक्याला आतून चुना लावला तर नीरा गोड राहते. नाही तर मडकं खाली येईतो वर फेस धरलेला असतो.

त्या फेसात यीस्टच्या जोडीने राबतो झायमोमोनास मोबिलिस हा जिवाणू. मला या सगळ्या गोतावळ्यात हाच सर्वांत आवडतो. ग्लुकोजच्या एका रेणूमागे त्याला यीस्टच्या निम्मीच ऊर्जा मिळते, त्यामुळे जगायचं तर साखर भराभर ओढावी लागते, आणि ती जवळजवळ सगळी अल्कोहोलमध्ये उतरते. मेक्सिकोच्या पुल्के या आंबवलेल्या पेयात आणि आफ्रिकेतल्या ताडीतही तो भेटतो.

ब्रिटनमध्ये मात्र तो बदनाम आहे. सायडर नासवणारा, एल बिअरला सडक्या सफरचंदाचा आणि कुजक्या अंड्याचा वास आणणारा. माल्टमधली मुख्य साखर माल्टोज, ती त्याला पचत नाही. म्हणून एरवी तो बिअरमध्ये उपाशीच. पण पिंपात फसफस वाढवायला वरून साधी साखर पडली की त्याचं फावतं. फळांत तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आयतेच, तेव्हा गूजबेरी घालणाऱ्याने पिंपाच्या स्वच्छतेत हयगय करून चालत नाही.

मिठबावातलं मडकं एवढं सोवळं पाळत नाही. तिथे लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणूही असतात आणि हवा लागली की अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करणारेही. उशिरा उतरलेली माडी म्हणून आंबट लागते. गोव्यात ताजी माडी सान्नांचं पीठ फुगवते आणि पुरती आंबली की तिचं व्हिनेगर होतं.