इंग्रजी उतारा : वाचणें आणि समजणें

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस इंग्रजीच्या परीक्षेंत अधिकांत अधिक भय कशाचें वाटतें असें विचारिलें, तर बहुतेक जण अपठित उताऱ्याचें नांव घेतात. पाठ्यपुस्तकांतील धडा वर्षभर वाचलेला असतो, निबंध पाठ करून जातां येतें, व्याकरणाचे नियम घोकतां येतात. उतारा मात्र परीक्षेच्या दिवशींच प्रथम भेटतो, आणि तेथें घोकंपट्टी उपयोगी पडत नाहीं. म्हणून या विषयावर विद्यार्थ्यांसाठीं, व त्यांच्याइतकेच त्यांच्या आईबापांसाठीं, चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमची स्वतःची एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचें इंग्रजी वाचन ऐकत राहावें असें होतें. उच्चार शुद्ध, कोठें अडखळणें नाहीं. आम्ही त्यास वारंवार उभें करून वाचावयास सांगत असूं, व इतरांस त्याचा कित्ता गिरवा म्हणत असूं. त्याचे वडील शेतकरी. शाळेंत आले कीं अभिमानानें म्हणत, "गुरुजी, पोरगं इंग्रजी कसं फडाफडा वाचतं!" पुढें सहामाही परीक्षेंत त्या मुलाचीं उताऱ्यावरचीं उत्तरें जवळजवळ सर्व चुकलीं. आम्हीं त्यास जवळ बोलावून तोच उतारा पुन्हा वाचावयास दिला. त्यानें तो पूर्वीसारखाच सुरेख वाचला. मग आम्हीं विचारिलें, "या तिसऱ्या ओळींत 'ही' हें सर्वनाम कोणाबद्दल आलें आहे?" मुलगा खालीं पाहूं लागला. दोन वर्षें त्यास नीट समजत नव्हतें, आणि दोन वर्षें तो तें लपवीत होता. कारण ज्याच्या वाचनाची रोज वाहवा होते त्यानें "मला समजलें नाहीं" असें म्हणावें तरी कसें? ती लाज त्यास आम्हींच लाविली होती.

पवित्र शास्त्रांत, प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायांत, एका कूशी अधिकाऱ्याची गोष्ट आहे. तो कांदके राणीच्या खजिन्यावरचा मोठा अंमलदार होता. यरुशलेमेहून परततांना रथांत बसून तो यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत होता, आणि तोही मोठ्यानें. कारण धांवत जवळ आलेल्या फिलिप्पाच्या कानीं तें वाचन पडलें. फिलिप्पानें त्यास अर्थाविषयीं विचारितांच, एवढा मोठा अधिकारी असूनही, कोणी वाट दाखविल्यावांचून आपणांस हें साधणार नाहीं असें त्यानें कबूल केलें. मग त्यानें उताऱ्यांत वर्णिलेला मनुष्य नक्की कोण, लिहिणारा स्वतः कीं दुसरा कोणी, याचा खुलासा मागितला. आमच्या विद्यार्थ्यास जें सर्वनाम अडलें, तसलेंच कांहीं या अधिकाऱ्यास अडलें होतें. भेद एवढाच कीं, अधिकाऱ्यानें विचारिलें आणि मुलानें लपविलें.

आतां कोणी म्हणेल, न समजतां उत्तरें लिहितां येतील तरी कशीं? तीं फार सहज लिहितां येतात. हें मराठी वाक्य पाहा: काल दुपारीं एका लुंबऱ्या खटुकानें तीन टिपोळीं झेंगाडलीं. या वाक्यांतील चार शब्द आम्हीं मनानें रचिलेले आहेत. त्यांस अर्थ म्हणून नाहीं. तरी प्रश्न विचारून पाहा. खटुक कसा होता? लुंबरा होता. त्यानें किती टिपोळीं झेंगाडलीं? तीन. केव्हां? काल दुपारीं. गुण पैकींच्या पैकीं, आणि ज्ञान शून्य! प्रश्नांतला शब्द उताऱ्यांत शोधावा आणि ती ओळ उतरून काढावी, ही युक्ति आमचे पुष्कळ विद्यार्थी खालच्या वर्गांपासून करीत आलेले असतात. वरच्या वर्गांत प्रश्न निराळ्या शब्दांत येऊं लागले म्हणजे ती युक्ति थांबते, आणि मुलास वाटतें कीं आपलें इंग्रजी एकाएकीं बिघडलें. वस्तुतः तें बिघडलेलें नसतें. झांकलेलें होतें तें उघडें पडतें.

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं १९१७ सालीं मुलांच्या वाचनांतील चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मुलें उत्तर चुकतात तेव्हां पुष्कळदां एखाद्या शब्दास वाजवीपेक्षां अधिक वजन देतात व दुसऱ्यास मुळींच देत नाहींत, असें त्यांस आढळलें. परिच्छेद समजणें हें गणितांतलें उदाहरण सोडविण्यासारखें आहे, हें त्यांनीं त्या निबंधांत दाखविलें. प्रत्येक शब्द योग्य जागीं, योग्य वजनानें मांडावा लागतो. एक जरी चुकला तरी उत्तर फिरतें.

हें प्रत्यक्ष पाहूं. आम्हीं वर्गासाठीं रचिलेला तीन वाक्यांचा एक लहानसा उतारा असा आहे: 'फ्यू व्हिलेजर्स बिलीव्ड द ओल्ड फेरीमन. ही सेड नथिंग मोअर, बट टाइड हिज बोट टू द टॉलेस्ट ट्री. बाय मॉर्निंग इट वॉज द ओन्ली बोट लेफ्ट.'

पहिलें वाक्य घ्या. 'फ्यू' याचा अर्थ 'कांहीं' असा घेतला, तर कांहीं गांवकऱ्यांचा म्हाताऱ्यावर विश्वास बसला असें होतें. पण येथें 'अ फ्यू' नाहीं, नुसतें 'फ्यू' आहे. म्हणजे विश्वास ठेवणारे फारच थोडे, जवळजवळ कोणी नाहींतच. 'अ' या एका अक्षरानें सगळा गांव इकडचा तिकडे होतो. 'फेरीमन' हा शब्द ठाऊक नसला तरी भिऊं नये. पुढच्या वाक्यांत त्याची होडी येते; तेव्हां तो नावाडी असावा हें कोशावांचून कळतें. दुसऱ्या वाक्यांत 'मोअर' हा शब्द आहे. तो 'आणखी' बोलला नाहीं, म्हणजे आधीं कांहींतरी बोलला होता, आणि तेंच लोकांनीं मानलें नाहीं. तिसऱ्या वाक्यांतील 'इट' म्हणजे काय? घाईनें वाचणारा जवळचा शब्द धरितो आणि 'झाड' म्हणतो. पण त्याच वाक्यांत पुढें 'बोट' आहे. म्हणून 'इट' ही होडीच. आणि 'लेफ्ट' म्हणजे येथें 'डावा' नव्हे, 'निघून गेला' असेंही नव्हे. येथें त्याचा अर्थ 'उरलेली' असा आहे.

आतां खरा प्रश्न. म्हाताऱ्यानें गांवकऱ्यांस काय सांगितलें होतें? उत्तराची ओळ उताऱ्यांत कोठेंही नाहीं. परंतु मनुष्य नावाडी, होडी बांधिली ती सर्वांत उंच झाडास, आणि सकाळीं दुसरी होडी उरली नाहीं. हीं तीन अंगें जुळविलीं म्हणजे पूर येणार असें त्यानें बजाविलें असावें, हें मनांत उभें राहतें. 'पूर' हा शब्द एकदांही न येतां पूर दिसला पाहिजे. तो दिसला म्हणजे उतारा समजला.

मराठी मुलास इंग्रजी वाक्य आणखी एका कारणानें अडतें. आपल्या वाक्यांत क्रियापद बहुधा शेवटीं येतें. इंग्रजींत तें कर्त्याच्या पाठोपाठ येतें, आणि पुढें 'हू', 'विच', 'दॅट' अशा शब्दांनीं जोडलेलीं लहान वाक्यें लोंबकळत राहतात. अशा वेळीं आधीं मुख्य क्रियापद शोधावें, तें कोण करितो हें विचारावें, आणि लोंबकळणाऱ्या वाक्याचें आपल्या 'जो–तो'च्या सांच्यांत रूपांतर करावें. तसेंच लहान शब्दांवर पहारा ठेवावा. 'ही वर्क्ड हार्ड' म्हणजे त्यानें कष्ट केले. 'ही हार्डली वर्क्ड' म्हणजे त्यानें जवळजवळ कामच केलें नाहीं. 'मस्ट नॉट' म्हणजे करूं नये. 'नीड नॉट' म्हणजे करण्याची गरज नाहीं. 'अनलेस'च्या पोटांत नकार दडलेला असतो. मोठे शब्द कोशांत सांपडतात. घात करितात ते हे लहान.

तरी शब्दसंग्रह मुळींच नको असें कोणीं समजूं नये. मायकेल वेस्ट हे शिक्षणशास्त्रज्ञ ढाक्यास राहून बंगालमधील मुलांस इंग्रजी कसें शिकवावें याचा शोध घेत होते. १९२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं असें मांडलें कीं, या देशांतील विद्यार्थ्यास प्रथम गरज आहे ती इंग्रजी वाचून समजण्याची. त्यांनीं रचिलेल्या वाचनमालेंत नवे शब्द थोडे थोडे येत व पुन्हा पुन्हा भेटत. १९५३ सालीं त्यांनीं सुमारें २,००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादीही प्रसिद्ध केली. पुढें २००० सालीं हू आणि नेशन या संशोधकांच्या अभ्यासांत असें दिसलें कीं, मदतीवांचून नीट समजावयास मजकुरांतील शंभरापैकीं सुमारें ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी असला तर चालतें. यावरून विद्यार्थ्यांनीं एवढाच बोध घ्यावा कीं, सरावासाठीं आपल्या शक्तीबाहेरचा जाडा ग्रंथ घेऊन बसण्यापेक्षां सोप्या इंग्रजींतल्या दहा गोष्टी वाचणें अधिक फलदायी आहे.

आमची अभ्यासाची रीत अशी आहे. रोज बारा-पंधरा ओळींचा एक उतारा घ्यावा. पहिल्यानें तो मनांतल्या मनांत, कोश न उघडतां, शेवटपर्यंत वाचावा, आणि तो कशाविषयीं आहे हें एका वाक्यांत लिहावें. मग प्रश्न वाचावे. दुसऱ्या वाचनांत प्रत्येक सर्वनामाखालीं तें कोणाबद्दल आहे हें पेन्सिलीनें लिहावें, व उत्तरास आधार देणाऱ्या शब्दांखालीं रेघ ओढावी. उत्तर स्वतःच्या वाक्यांत लिहावें. सर्व झाल्यावर कोश उघडावा व आपला तर्क पडताळून पाहावा. वहीच्या शेवटच्या पानांवर 'कोठें अडलें' असें एक सदर ठेवावें. जें अडलें तें तेथें लिहून दुसऱ्या दिवशीं शिक्षकांस विचारावें. हें सदर ज्याचें कोरें तो हुशार असें नव्हे. बहुधा तो लपवितो आहे. आजकाल हातांतील मोबाइल क्षणांत सबंध उताऱ्याचें भाषांतर करून देतो. शेवटीं पडताळा घेण्यास त्याची हरकत नाहीं. पण आधींच त्याच्याकडे गेल्यास मेहनत यंत्राची होते आणि परीक्षेस मात्र मुलगाच बसतो.

शेवटीं आईबापांस एक विनंति. "आम्हांला इंग्रजी येत नाहीं, आम्ही काय शिकविणार?" असें आपण म्हणतां. परंतु या कामीं आपली मदत आमच्याइतकीच मोलाची आहे. रात्रीं जेवणें झालीं म्हणजे मुलास म्हणावें, "आज वाचलेला उतारा आम्हांला मराठींत सांग." तो सांगूं लागला कीं, "असं कोण म्हणालं? मग पुढं काय झालं? का बरं?" एवढेच तीन प्रश्न करावे. आईस गोष्ट कळली तर मुलास उतारा समजला. मध्येंच तो "तसं कांहीं तरी आहे" असें पुटपुटला तर नेमकें तेथेंच त्याचें अडलें आहे. चुकला म्हणून त्यास रागावूं नये. तसेंच घरीं मराठी पुस्तकें व वर्तमानपत्रें अवश्य वाचूं द्यावीं. अमेरिकेंत १९८८ सालीं रेक्ट आणि लेस्ली यांनीं शाळकरी मुलांस बेसबॉलच्या खेळाचें वर्णन वाचावयास दिलें. वाचनांत कच्चीं परंतु खेळाची माहिती असलेलीं मुलें, वाचनांत पक्कीं परंतु खेळ न जाणणाऱ्या मुलांहून तें अधिक चांगलें सांगूं शकलीं. जगाची माहिती मराठींतून मिळाली तरी ती इंग्रजी उताऱ्याच्या उपयोगी पडते.

आरंभीं सांगितलेल्या मुलाच्या वडिलांस आम्हीं हीच विनंति केली होती. त्यांनीं ती मनावर घेतली, आणि शेतावरून दमून आल्यावरही रोज रात्रीं कंदिलापाशीं बसून मुलाची गोष्ट ऐकली. दोन-तीन महिन्यांनीं वर वर्णिलेला नावाड्याचा उतारा आम्हीं वर्गांत दिला. आम्ही फळ्याकडे वळलों तोंच मागून आवाज आला, "सर, येथलं 'इट' म्हणजे होडी कीं झाड? मला समजलं नाहीं." तो तोच मुलगा होता. त्याच्या सुरेख वाचनानें आम्हांस पूर्वीं कधीं झाला नव्हता एवढा आनंद त्या एका प्रश्नानें झाला. आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास असें विचारण्याचें धैर्य देव देवो, आणि तें ऐकून घेण्याचा धीर आम्हां शिक्षकांस देवो.