प्रेमवचने : कोण कोणास म्हणाले?

'कोण कोणास म्हणाले?' हा प्रश्न आपण पेपरात वर्षानुवर्षे विचारतो, हक्काचे गुण म्हणून. हाच प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्रेमकवितेला विचारून बघा!

प्रेम सगळ्यांवर मात करतं, अशा अर्थाचं एक वचन मुलं मोबाइलच्या स्टेटसला ठेवतात. आमच्या माळशिरसमध्ये एका पालकांनी काळजीनं विचारलं, "गुरुजी, हे असलं शाळेत शिकवता का?" वचन आहे रोमन कवी व्हर्जिलचं. मेंढपाळांच्या जगातल्या त्याच्या दहा कविता आहेत (मेंढपाळ आपल्या भागाला नवे नाहीत), त्यातल्या शेवटच्या कवितेत ते येतं. म्हणतो कोण? गॅलस. हा खराखुरा कवी, व्हर्जिलचा मित्र. त्याची लायकोरिस दुसऱ्याबरोबर बर्फाच्या मुलखात निघून गेलीय. रानात जाऊ, शिकार करू, विसरू, असं तो ठरवतो. काही केल्या जमत नाही, तेव्हा हे वाक्य येतं. म्हणजे ही हरलेल्या माणसाची कबुली आहे! स्टेटसवर मात्र तिची विजयपताका झाली. हे ऐकून ते पालक म्हणाले, "मग पोराला एवढं सांगाच की."

आता आपल्या घरचं. सातवाहन राजा हाल याच्या नावावरची 'गाथासप्तशती' म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथा. प्रत्येक गाथा दोनच ओळींची. ओव्हिडसारखे रोमन कवीही प्रेमकविता दोन-दोन ओळींच्या जोड्यांत रचत. (ओव्हिड आणि ओवी हा निव्वळ योगायोग बरं का.) आटोपशीर असल्यानं ओळी तोंडात बसतात, आणि बोलणारा माणूस मागं राहतो.

एका गाथेत एक बाई देवभोळ्या माणसाला सांगते की तुम्हाला त्रास देणारा कुत्रा गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहानं मारला, आता खुशाल फिरा. केवढी काळजी! पण ती झाडी म्हणजे तिची प्रियकराला भेटायची जागा. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाचं नाव ऐकून तिकडं फिरकेल का? शब्दांत आमंत्रण, मनात 'येऊ नका'. नवव्या शतकात आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त ध्वनी समजावताना हीच गाथा घेतली.

नववी-दहावीला मी आधी नुसतं बोलणं सांगतो, अर्थ लिहून घेतो. मग बोलणारी बाई कोण ते सांगतो आणि त्याच वहीत पुन्हा अर्थ लिहायला लावतो. प्रियकराला वगळत नाही. वगळला तर गाथाच कळत नाही, आणि मुलांना तो तसाही आपल्याआधी दिसलेला असतो.