नांगरावरचा शेजार

शिडाच्या लहानशा नौकेतून समुद्रपर्यटन करणारा माणूस एकांतप्रिय असावा, असा सर्वसाधारण समज आहे. तीस-चाळीस फुटांची नौका, तीवर पती-पत्नी किंवा फार तर एखादा मित्र, आणि भोवती अथांग पाणी. अशा जीवनात शेजाराला वाव तो कोठला? परंतु मेक्सिको देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात नौकांचा जो मेळा जमतो, त्याकडे पाहिले म्हणजे हा समज टिकत नाही. कोकणातल्या एखाद्या वाडीला लाजवील इतका शेजार या तरंगत्या वस्तीत नांदतो.

या मेळ्याचे वेळापत्रक वादळांनी ठरविलेले आहे. पूर्व पॅसिफिक महासागरात चक्रीवादळांचा काळ १५ मे ते ३० नोव्हेंबर असा मानतात. तो सरत आला की अमेरिका व कॅनडा या देशांच्या किनाऱ्यावरील नौका ऑक्टोबरच्या अखेरीपासून दक्षिणेकडे निघतात. सॅन दिएगोपासून काबो सान लुकास हे सुमारे ७५० सागरी मैलांचे अंतर शेकडो नौकांनी मिळून तोडावे, म्हणून १९९४ साली 'बाहा हा-हा' नावाची सामुदायिक सफर सुरू झाली आणि ती अनेक वर्षे चालली. पुढे लापाझ, माझात्लान, बांदेरास उपसागर, तेनाकातिता, बार्रा दे नाविदाद, सिहुआतानेहो अशी मुक्कामाची ठिकाणे लागतात. वारीत दिंड्यांनी मुक्कामामुक्कामाला पुन्हा भेटावे, तशा त्याच त्या नौका बंदराबंदरांत भेटत राहतात. पेन्शनीत निघालेले वृद्ध, मुलांना नौकेवरच शिकविणारी कुटुंबे, कर्ज काढून निघालेले तरुण असे नाना प्रकारचे लोक त्यांत असतात. मौज अशी, की येथे माणसाचे आडनाव कोणी विचारीत नाही. माणूस ओळखला जातो तो त्याच्या नौकेच्या नावाने.

या शेजाराचा कणा म्हणजे सकाळची रेडिओसभा. प्रत्येक नौकेवर अतिउच्च कंप्रतेचा एक लहान रेडिओ असतो. त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोलकाठीच्या टोकावरील आकाशकांबीला 'दिसेल' तेवढेच, म्हणजे साधारण पंधरा-वीस मैलांचे, त्याचे क्षेत्र. त्यातील १६ क्रमांकाची वाहिनी हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी राखलेली असते. सभा भरते ती दुसऱ्या वाहिनीवर. लापाझ येथे वर्षानुवर्षे २२ क्रमांकावर, सकाळी आठ वाजता. दररोज एक जण सूत्रधार होतो. कार्यक्रम ठरलेला असतो. पहिला प्रश्न एकच: कोणाला वैद्यकीय किंवा अन्य तातडीची मदत हवी आहे काय? मग काही क्षण शांतता. ती शांतता कोणीही मोडायची नाही, असा दंडक आहे. त्यानंतर नवे आलेले आपले नाव सांगतात, निघणारे निरोप घेतात, हवामान आणि भरती-ओहोटी वाचली जाते, कोणी टपाल घेऊन मायदेशी जात आहे काय याची विचारपूस होते, आणि हरवले-सापडले झाले की देवघेवीचा भाग येतो.

या देवघेवीत एक गमतीचा शब्द ऐकू येतो, तो म्हणजे नारळ. परदेशी नौका तात्पुरत्या परवान्यावर आलेली असते आणि तीवरील वस्तू पैसे घेऊन विकण्यास कायद्याने मुभा नसते. तेव्हा जुना पंप किंवा जादा शीड 'इतक्या नारळांना' द्यावयाचे आहे, अशी घोषणा होते. नारळ म्हणजे काय, ते दोन्ही पक्षांना कळते. हे नारळही मूळचे तेथले नव्हेत. १५६४ च्या नोव्हेंबरात लेगास्पीचा तांडा बार्रा दे नाविदादहूनच फिलिपीन्सकडे निघाला होता. पुढे १५६५ ते १८१५ पर्यंत मनिला व मेक्सिको यांच्या दरम्यान गलबते ये-जा करीत राहिली, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या फिलिपिनो खलाशांनी कोलिमा प्रांताला माडी काढण्याची विद्या शिकविली. त्या माडीला तेथे आजही फिलिपीन्समधल्याच 'तुबा' या नावाने ओळखतात. गोव्याच्या रेंदेराला तेथील माडावर चढणारा माणूस परका वाटणार नाही.

तेनाकातिताच्या उपसागरात एक निराळीच पंगत बसते. प्रत्येक मोठ्या नौकेबरोबर किनाऱ्यावर जाण्यासाठी एक छोटी होडी असते; तिला डिंगी म्हणतात. सूर्यास्तापूर्वी या डिंग्या एका ठिकाणी जमतात, एक जण लहानसा नांगर टाकतो, आणि बाकीच्या दोरांनी एकमेकींना बांधल्या जातात. प्रत्येक कुटुंब हातात धरून खाता येईल असा एक पदार्थ करून आणते आणि ताटे या होडीतून त्या होडीत फिरत राहतात. आपले पेय मात्र आपणच आणावयाचे. कोणी यजमान नाही, म्हणून कोणावर भार नाही. पाळीपाळीने प्रत्येक होडीने आपली ओळख करून द्यावी, एखादा अनुभव सांगावा, असा प्रघात आहे. हे सर्व जुळविणाऱ्या हौशी माणसाला थट्टेने उपसागराचा 'महापौर' म्हणतात. अंधार पडण्याच्या आत सभा विसर्जित होते; रात्रीच्या वेळी आपली नौका ओळखणे हे वाटते तितके सोपे नसते.

शिष्टाचार थोडे, पण कडक आहेत. दुसऱ्याच्या नौकेवर चढण्यापूर्वी हाक मारावी, पादत्राणे काढावीत. सर्वांत मोठा अपराध म्हणजे शेजाऱ्याच्या फार जवळ नांगर टाकणे. नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट सोडावी लागते, आणि वारा फिरला की नौका तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढते. लापाझला तर वारा एकीकडून आणि भरतीचा ओघ दुसरीकडून आला, की शेजारशेजारच्या नौका उलटसुलट फिरू लागतात. त्याला तेथे 'लापाझचा वॉल्ट्झ' असे नाव पडले आहे. अशा जागी शेजाऱ्याशी अबोला परवडत नाही.

या साऱ्याला केवळ करमणूक समजणे चुकीचे होईल. ८ डिसेंबर १९८२ च्या रात्री, वादळांचा काळ संपला आहे अशा समजुतीने, काबो सान लुकासच्या उघड्या किनाऱ्याजवळ नौका दाटीने उभ्या होत्या. एकाएकी आग्नेयेकडून वादळ आले. एका नौकेचा नांगर सुटला की ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर अशा आदळत गेल्या, आणि पहाटेपर्यंत दोन डझनांहून अधिक नौका वाळूत रुतल्या. १९६८-६९ च्या जगप्रदक्षिणेच्या स्पर्धेतून मध्येच बाहेर पडून ताहितीकडे वळलेला प्रसिद्ध फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मोआतेसिए याची 'जोशुआ' ही पोलादी नौका त्यांतच होती. दुरुस्तीस त्याच्याजवळ पैसा नव्हता. त्याने ती तरुण मंडळींना जवळजवळ फुकट देऊन टाकली, आणि पुढची नौका मित्रांच्या मदतीने बांधली. 'जोशुआ' आज फ्रान्समधील ला रोशेलच्या सागरी संग्रहालयात आहे. २०१४ च्या सप्टेंबरात ओदिल नावाच्या चक्रीवादळाने लापाझच्या नौकातळाची अशीच दैना केली आणि काही दर्यावर्दींचे प्राण गेले. अशा वेळी कोणत्या नौकेवर कोण आहे, कोण मायदेशी गेले आहे, कोणाला औषध लागते, ही माहिती सरकारी दप्तरात मिळत नाही. ती सकाळच्या सभेत रोज ऐकणाऱ्या शेजाऱ्यांजवळ असते.

आपल्याकडील वाचकांना या बंधुभावाचे एक उदाहरण ठाऊक असेल. गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणेस निघालेले अभिलाष टॉमी २०१८ च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात पाठीला दुखापत होऊन पडले. त्या वेळी त्यांचा आयरिश प्रतिस्पर्धी ग्रेगर मॅकगुकिन याने स्वतःची डोलकाठी मोडलेली असतानाही त्यांच्या दिशेने नौका वळविली. टॉमींची सुटका प्रत्यक्षात एका फ्रेंच जहाजाने केली, तरी दर्यावर्दी लोक त्या वळण्याची आठवण काढतात.

या शेजाराला एक उणी बाजूही आहे. पुष्कळ मंडळी सहा महिने मेक्सिकोच्या पाण्यात राहतात आणि बाजारहाटापलीकडे स्पॅनिश भाषेचा एक शब्द शिकत नाहीत. आपल्याच लोकांत आपली पंगत, असा हा प्रकार आहे, आणि तो परदेशी राहणाऱ्या सर्वच समाजांत कमीअधिक आढळतो. मात्र सिहुआतानेहोच्या नौकावाल्यांनी या शतकाच्या आरंभी फेब्रुवारीच्या सुमारास एक उत्सव सुरू केला. शर्यती, लिलाव, नौकाविहार यांतून पैसा जमवून तेथील गरीब वस्त्यांतील शाळांना वर्गखोल्या बांधून देण्याचे काम त्यातून झाले. ज्या मुलांच्या आईबापांची घरची भाषा स्पॅनिशसुद्धा नव्हे, अशी मुले त्यांपैकी कित्येक शाळांत शिकतात.

मार्च-एप्रिलमध्ये हा मेळा पांगू लागतो. काही उत्तरेस परततात. काही नौका पश्चिमेस, सुमारे २,८०० सागरी मैल दूर असलेल्या मार्केसास बेटांकडे निघतात. त्या वाटेला तीन-चार आठवडे लागतात. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत लहान रेडिओवर किनाऱ्याचा आवाज ऐकू येतो, मग तो बंद होतो. त्यानंतर दूर पल्ल्याच्या लघुलहरींच्या रेडिओवर रोज ठरल्या वेळी नौकांची नावे पुकारली जातात आणि प्रत्येक जण आपले अक्षांश-रेखांश, वारा आणि प्रकृती कळवितो. एखाद्या नावाला उत्तर आले नाही, तर सूत्रधार ते दुसऱ्यांदा पुकारतो, मग तिसऱ्यांदा, आणि नंतर तिच्या सर्वांत जवळच्या नौकेला ते नाव पुकारून पाहावयास सांगतो.