जनसंपर्क क्षेत्रातील कारकीर्द

जनसंपर्क म्हणजे एखादी संस्था आणि तिच्याशी संबंध येणारे लोक यांच्यात परस्परविश्वास निर्माण करण्याचे व तो टिकवण्याचे नियोजनपूर्वक केलेले कार्य होय. हे कार्य सांभाळणाऱ्या व्यक्तीस जनसंपर्क अधिकारी असे म्हणतात. शासकीय विभाग, महानगरपालिका, रेल्वे, बँका, रुग्णालये, विद्यापीठे, उद्योगसमूह आणि स्वयंसेवी संस्था यांमध्ये हे पद आढळते. अनेक संस्था हे काम बाहेरील जनसंपर्क कंपन्यांकडेही सोपवतात.

समान वाटणाऱ्या संकल्पना

जाहिरात आणि जनसंपर्क यांत मूलभूत फरक आहे. जाहिरातीची जागा पैसे देऊन घेतली जाते व तिच्यातील मजकूर जाहिरातदार ठरवतो. प्रसिद्धिपत्रक मात्र छापायचे की नाही, किती छापायचे आणि कोणत्या शब्दांत छापायचे, याचा निर्णय संपादकाचा असतो. त्यामुळे जनसंपर्क अधिकाऱ्याचे खरे भांडवल त्याची विश्वासार्हता हेच असते.

जन माहिती अधिकारी आणि जनसंपर्क अधिकारी ही पदेही भिन्न आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये जन माहिती अधिकाऱ्यास नागरिकाच्या अर्जावर सामान्यतः ३० दिवसांच्या आत निर्णय द्यावा लागतो. जनसंपर्क अधिकाऱ्याचे काम अर्जाची वाट न पाहता माहिती लोकांपर्यंत पोहोचवण्याचे आहे.

इतिहास

आधुनिक जनसंपर्काचा पाया विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत घातला गेला. आयव्ही ली या माजी पत्रकाराने १९०६ मध्ये तत्त्वांची जाहीर घोषणा केली. वृत्तपत्रांना अचूक माहिती तत्परतेने व उघडपणे पुरवणे, हा तिचा गाभा होता. एडवर्ड बर्नेज यांनी १९२३ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहून त्यास शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला.

भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली. २१ एप्रिल हा दिवस देशात राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो.

कामाचे स्वरूप

नवोदितांच्या वाट्याला प्रथम येणारी कामे साधी, परंतु काटेकोरपणाची असतात. रोजची वृत्तपत्रे वाचून संस्थेसंबंधीची कात्रणे काढणे, पत्रकारांची यादी अद्ययावत ठेवणे, पत्रकार परिषदेची तयारी करणे, छायाचित्रांना ओळी लिहिणे, समाजमाध्यमांवरील तक्रारी संबंधित विभागाकडे पोहोचवणे आणि प्रसिद्धिपत्रकाचा मसुदा करणे ही त्यांपैकी प्रमुख होत.

प्रसिद्धिपत्रकात सर्वांत महत्त्वाची बाब पहिल्या परिच्छेदात यावी लागते. उदाहरणार्थ, जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे पाणीपुरवठा बंद राहणार असेल, तर कोणत्या भागांत, कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि पर्यायी व्यवस्था कोणती, हे आरंभीच सांगितले पाहिजे. अधिकाऱ्यांची नावे व पदे त्यानंतर येतात. हा क्रम उलटला, तर बातमी छापून येऊनही नागरिकांच्या घरी पाणी भरून ठेवलेले नसते.

शिक्षण व प्रवेशाचे मार्ग

कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर पत्रकारिता, जनसंज्ञापन किंवा जनसंपर्क या विषयांतील पदविका अथवा पदव्युत्तर पदवी घेता येते. भारतीय जनसंचार संस्था १९६५ मध्ये दिल्ली येथे स्थापन झाली असून तिचे एक केंद्र अमरावती येथे आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट या नावाने परिचित असलेला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग आणि मुंबईतील झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स येथेही माध्यमविषयक शिक्षण मिळते.

शासकीय सेवेत येण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. भारतीय माहिती सेवेसाठी संघ लोकसेवा आयोगामार्फत निवड होते. महाराष्ट्रात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय हे राज्य शासनाचे प्रसिद्धीचे काम पाहते. ‘लोकराज्य’ हे मासिक त्याच्याकडूनच प्रकाशित होते. तेथील जिल्हा माहिती अधिकारी यांसारखी पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात.

खासगी क्षेत्रात प्रवेश बहुधा उमेदवारीतून होतो. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा लेखनाचे नमुने अधिक उपयोगी पडतात. ते नसल्यास महाविद्यालयाचा कार्यक्रम, ग्रंथालयाचा उपक्रम किंवा रक्तदान शिबिर यांची प्रसिद्धी स्वतः करून नमुने तयार करता येतात. वार्ताहर म्हणून काही काळ काम केलेल्यांनाही या क्षेत्रात प्राधान्य मिळते. कारण बातमी केव्हा आणि कशी घडते, हे त्यांनी पाहिलेले असते.

आवश्यक गुण

शुद्ध व सुबोध लेखन, लक्षपूर्वक ऐकण्याची सवय, वेळेचे भान आणि संयम हे गुण आवश्यक मानले जातात. इंग्रजी मसुद्याचे शब्दशः भाषांतर केलेले मराठी पत्रक वाचकाला दुर्बोध वाटते. म्हणून मूळ आशय समजून घेऊन तो स्वतंत्रपणे मराठीत मांडू शकणाऱ्या उमेदवारास महाराष्ट्रात विशेष महत्त्व असते.

आपत्तीचा प्रसंग

या व्यवसायाची कसोटी संकटकाळी लागते. १९८२ मध्ये अमेरिकेतील शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळल्याने सात जणांचा मृत्यू झाला. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने औषध न घेण्याचा इशारा जनतेस दिला व सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. पुढे हे औषध छेडछाड सहज लक्षात येईल अशा वेष्टनात बाजारात आणले गेले. नुकसान सोसून लोकांचे हित आधी पाहिल्याचे उदाहरण म्हणून ही घटना अभ्यासक्रमांत शिकवली जाते.

नीतितत्त्वे व टीका

जनसंपर्क म्हणजे सत्यावर घातलेले पांघरूण, अशी टीका या व्यवसायावर होत आली आहे आणि तिला आधारही आहे. १९१४ मध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे संपावरील खाणकामगार व त्यांचे कुटुंबीय मारले गेले. त्यानंतर रॉकफेलर कुटुंबासाठी काम करताना आयव्ही ली यांनी काढलेल्या पत्रकांत असत्य माहिती आढळली. अचूकतेचे तत्त्व जाहीर करणाऱ्या व्यक्तीच्याच हातून आठ वर्षांनी हे घडले. बर्नेज यांनीही १९२९ मध्ये स्त्रियांच्या धूम्रपानास स्वातंत्र्याचे प्रतीक ठरवणारी मोहीम एका तंबाखू कंपनीसाठी राबवली.

या दोन्ही प्रसंगांतून नवोदितासमोरचा खरा प्रश्न स्पष्ट होतो. तो वेतन संस्थेकडून घेतो, परंतु त्याच्या शब्दावर विसंबून निर्णय घेणारे लोक संस्थेबाहेर असतात. माहिती देता येत नसेल, तर तसे स्पष्ट सांगता येते. खोटी माहिती मात्र देता येत नाही. वरिष्ठांना अप्रिय वस्तुस्थिती वेळीच सांगणे हाही त्याच्या कर्तव्याचा भाग होय.