गालापागोसला जायचंय? आधी महिना ठरवा
इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून ही बेटं सुमारे १००० किलोमीटरवर. विमान कीटो किंवा ग्वायाकिलहून. परदेशी प्रौढांना तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर झालंय, ते हिशेबात धराच.

जून ते डिसेंबर हम्बोल्ट प्रवाहामुळे पाणी गार, पण समुद्री पक्ष्यांची चंगळ. जानेवारी ते मे समुद्र उबदार, पोहायला मस्त. मला विचाराल तर मे महिना गाठा! पाणी अजून उबदार असतं आणि एस्पॅनिओला बेटावर अल्बाट्रॉस पक्षीही आलेले असतात. चोचीवर चोच आपटत जोडीचा नाच चालतो.

प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचं, हा नियम कसोशीने पाळा. काळ्या लाव्यावर ऊन खात पडलेला समुद्री इग्वाना नाकातून खारट फवारा उडवतो, तो तेवढ्यावरूनही स्पष्ट दिसतो.